मनोऱ्याचं वरचं झाकण

तेलशुद्धीकरण कारखान्यातला मोठा मनोरा पाच वर्षांनी बंद करून थंड केला होता. आतून तपासायचं काम तिच्याकडे आलं. बारा वर्षांच्या नोकरीत तिनं तो बाहेरूनच पाहिला होता. सकाळी अकरा वाजता, खालच्या झाकणापाशी बसलेल्या मुकादमाच्या वहीत सही करून, विजेरी आणि हातोडी घेऊन ती आत शिरली.

तळाला डांबराचा उग्र वास होता. भट्टीत साडेतीनशे अंशांवर तापलेलं कच्चं तेल इथेच शिरायचं. जड ते खाली बसायचं, बाकीच्याची वाफ वर निघायची. वर जाता जाता ती निवायची आणि ज्याची त्याची पातळी आली की लोखंडी ताटांवर थेंब होऊन उतरायची. ना चाळणी, ना कुणाचा हात. उष्णतेनं केलेला चोख निवाडा.

शिडी, ताट, ताटातलं चौकोनी भोक, पुन्हा शिडी. वाफेनं धुतलं तरी लोखंडानं वास सोडला नव्हता. डिझेलचा थर मागे पडला, रॉकेलचा आला.

"काय डोकं लढवलंय लोकांनी," ती स्वतःशीच पुटपुटली.

हातोडीनं वाजवावं तर एकेक ताट खणखणीत. निम्म्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला दम लागलेला नाही. खांदे मोकळे झाले होते. मनात दिवसरात्र चालणारी कुरकुर थांबली होती. पेट्रोलच्या ताटांशी पोचली तेव्हा तर शिडीला हात लावावा लागत नव्हता.

वरचं झाकण उघडं होतं. त्यातून निळं, गोल आभाळ दिसत होतं. बाहेर पडावं असं फार वाटलं. पण शिरलो तिथूनच निघायचं, हा नियम. ती वळली.

उतरताना पाय जड होत गेले. रॉकेलच्या थराशी तिला वर पावलं वाजल्यासारखी वाटली. हलकी, भरभर चढणारी.

"कोण आहे वर?"

पावलं थांबली नाहीत.

दुपार कलल्यावर कुठे ती खालच्या झाकणातून अंग ओढत बाहेर आली. मुकादम उठून उभा राहिला.

"ताई, तुम्ही परत कधी शिरलात?"

"परत म्हणजे?"

"वरच्या झाकणातून निघालात ना मघाशी? इथे येऊन सही केलीत, घरी जाते म्हणालात."

त्यानं वही पुढे केली. सही तिचीच होती. कॉलेजात असताना ती करायची तशी, लांब शेपटीची.

तिनं बाजूच्या खोलीतून घरी फोन लावला. नवऱ्यानं उचलला.

"मी बोलतेय."

"मी कोण?"

त्याच्या मागे कुणीतरी मनापासून हसत होतं.

त्यानं फोनवर हात धरला, तरी तिला ऐकू आलंच.

"अगं, कुणीतरी तुझा आवाज काढतंय. हुबेहूब आहे. जरा जड आहे, एवढंच."

आणि त्यानं फोन ठेवला.