पाच फूट मोकळी जागा

ड्रिल भिंतीत घुसलं आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं, "अहो, थांबा! मी बसलोय हितं!"

निशानं हात वर करून मिस्त्रीला थांबवलं. विटेचा तुकडा गळून पडला होता आणि नारळाएवढ्या भोकातून दोन डोळे तिच्याकडं बघत होते. केसांवर, भुवयांवर, मिशीवर… सगळीकडं लाल धूळ.

"लागलं न्हाय ना?" तिनं घाबरून विचारलं.

"मला न्हाय. पण चहात वीट पडली."

तिला हसू आवरेना. "दुसरा पाजते."

"पाजा की. पण दारातनं या, मॅडम. भिंतीतनं नको."

वडगावातलं ते जोडघर. मधली भिंत एक, बिऱ्हाडं दोन. अर्धं घर निशाच्या थोरल्या भावानं, श्रेयांसनं, विकत घेतलं होतं. तो जवळच्याच मच्छे गावातल्या एका कारखान्यात नोकरीला. बोरगावहून आई-आप्पांना आणायचं होतं, दोन मुलांना खोली हवी होती. म्हणून जुनं घर आतून नवं करून मागं परसात वाढवायचं ठरलं. सिव्हिल इंजिनिअर झालेल्या निशाचं हे स्वतंत्रपणे केलेलं पहिलंच काम. उरलेल्या अर्ध्यात किशन आणि त्याची आई यल्लव्वा राहत. मागच्या खोलीत दोन यंत्रमाग होते, त्यावर ते साड्या विणत.

भोक बुजलं, पण चहा चालू राहिला. गणपती गेले तरी पाऊस झिमझिमतच होता. किशन रोज काहीतरी निमित्त काढून दारात उभा.

"आज ठोकाठोकी कमी हाय, मॅडम?"

"का? झोप मोडत न्हाय?"

"न्हाय… करमत न्हाय."

निशा नकाशात डोकं खुपसायची, आणि मग बराच वेळ तिला एकही आकडा दिसायचा नाही.

परसातली नवी भिंत डोक्याएवढी झाली, त्या दुपारी पलीकडची खटखट अचानक थांबली. निशा बघायला गेली. यल्लव्वा पुढच्या उंबऱ्यावर बसून तुटलेला धागा आभाळाकडं धरून जोडत होती.

"आत बल्बच्या उजेडात धागा दिसत न्हाय गं पोरी. ढगाचा दिवस."

निशा मागाच्या खोलीत गेली. एकुलत्या एका खिडकीबाहेर, हातभर अंतरावर, तिनंच उभी केलेली भिंत होती. तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही बोलला का न्हाईत?"

किशन मागावर हात ठेवून उभा होता. "जागा तुमची. आणि… बोललो असतो तर काम थांबलं असतं. तुम्ही आला नसता."

"तेवढ्यासाठी आईला अंधारात बसवलं?"

ती तडक निघून आली. राग त्याचा होता, की स्वतःचा, तिलाच कळेना.

संध्याकाळी श्रेयांस आल्या आल्या तिनं सांगितलं, "अण्णा, ती भिंत पाडायची."

"मंजुरी हाय, जागा आपली हाय!" तो चिडला. "घर आमचं बांधतेस, का त्यांचं?"

निशाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी ती हटली नाही. "शेजारीण अंधारात बसलेली बघून आपली आई हितं सुखानं नांदंल?" तिनं नवा नकाशा पुढं सरकवला. भिंत पाच फूट आत, तेवढी जागा आभाळाला मोकळी, मुलांची खोली वर.

श्रेयांसनं नकाशावरच्या जिन्यावर बोट ठेवलं. "जिना रुंद कर," शेवटी तो पुटपुटला. "नातवंडांपायी आप्पा दिवसातनं धा वेळा वर जाणार. गुडघे दुखतात त्यांचे."

सकाळी मिस्त्री यायच्या आधीच किशन घण घेऊन हजर होता. तोच पुढं होऊन भिंत पाडू लागला. शेवटची रांग उरली तेव्हा म्हणाला, "आईची माफी मागितली. आता तुमची राहिली."

"तुमची न्हाय," निशा विटा गोळा करता करता म्हणाली. "तुझी म्हण."

डिसेंबरात वास्तुशांत झाली. निशाला निपाणीत नवं काम मिळालं होतं, दोन दिवसांत निघायचं होतं. पाहुणे जेवत असताना किशननं तिला आपल्या गच्चीवर बोलावलं.

"वर एक खोली आणि स्वैपाकघर बांधायचं म्हणतोय. काढशील नकाशा?"

तिनं वही उघडली. उगीचच हिरमुसली होती. "ओटा किती उंच?"

"तुझ्या मापानं."

तिचं पेन थांबलं. खाली पंगतीचा गलका चालला होता.

"मला स्वैपाक येत न्हाय," ती हळूच म्हणाली.

"मग माझ्या मापानं ठेव. मला येतोय. तू नुसती… राहायला ये."

निशानं वहीवरून नजर उचलली नाही. "आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवतात. कांदा न्हाय, बटाटा न्हाय."

"पाचला माग बंद करीन."

"आणि अण्णाला कोण सांगणार?"

"मीच. हा निघालो." तो खरंच जिन्याकडं वळला.

तिनं झटकन त्याची बाही धरली. "थांब रं… दोघं मिळून जाऊ."