भिंतीकडे तोंड करून

एझ्रा पिनॉकच्या हातची झिलई ज्याला ओळखता येत नाही, त्यानं महोगनीचं सामान बाळगूच नये, असं इंग्लंडातल्या बाथ शहरात निदान एझ्राचं तरी मत होतं. वेदरेल साहेबांच्या घरच्या ग्रंथालयातली लिहायची खुर्ची त्यानंच घडवली होती. तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखं, खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून बसायचं. पाठीच्या वर लिहायची फळी. म्हाताऱ्या साहेबांची नजर गेली तेव्हा ते सांगतील ते उतरवून घ्यायला एझ्रानं आपला एकुलता एक पोरगा सायलस तिथं चिकटवला. लाकडाच्या भुशात खोकत बसण्यापेक्षा हे बरं.

दर शनिवारी दुपारी एझ्रा खुर्चीला मेण लावायला जाई. तिसऱ्या शनिवारी फळीच्या पलीकडच्या कडेला, भिंतीच्या बाजूनं, दोन ठिकाणी मेण उडालेलं दिसलं. रोज कोपरं टेकली की असं होतं, हे तो झोपेतही सांगू शकला असता.

पण खुर्ची आणि भिंत यांच्यात वीतभरही जागा नव्हती.

“काय रे, उलटा बसतोस की काय?”

“नेहमीसारखाच बसतो, बाबा. तुमचंच मेण पाणचट झालं असेल.”

एझ्राला ते झोंबलं. त्यानं दुप्पट मेण चढवलं. पुढच्या शनिवारी डाग पुन्हा उमटले होते, आणि बोटभर अलीकडे सरकले होते. त्याच्या पुढच्या शनिवारी चार बोटं. जे कोण होतं, ते पुढे झुकत चाललं होतं.

सायलस वाळत चालला. हाक मारली की उशिरा ओ देई. आधी दुसऱ्या कुणाचं बोलणं संपू द्यावं तसा.

सहाव्या शनिवारी एझ्रा शेकोटीपाशी साहेबांसमोर टोपी काढून उभा राहिला. “साहेब, पोराला जरा सुट्टी द्या. फार लिहून घेता हो त्याच्याकडून.”

“मी?” म्हाताऱ्याचा आवाज जेमतेम फुटत होता. “अहो पिनॉक मिस्त्री, तीन आठवडे माझा घसा बसलाय. एक शब्द सांगितलेला नाही मी. मला वाटलं, जुन्या कागदांची नक्कल करतोय. लेखणी तर दिवसभर ऐकू येते.”

ती तेव्हाही ऐकू येत होती.

एझ्रा पोराच्या मागे गेला. अक्षर सायलसचंच, रेखीव. पण ओळी उलट्या होत्या. भिंतीकडून वाचता याव्यात अशा.

“सायलस, ऊठ.”

“एवढं पान होऊ दे, बाबा.”

“ऊठ म्हणतो ना!”

त्यानं पोराला बखोटीला धरून उठवलं, कोट चढवला आणि उतारावरून जवळजवळ ओढतच घरी आणलं. वाटेत गार वाऱ्यानं पोराच्या गालांवर रंग आला. “भूक लागली,” तो म्हणाला, आणि एझ्राला रडूच यायचं बाकी राहिलं. पोरगा हातचा गेला नव्हता.

घरी त्यानं त्याला खिडकीपाशी बसवलं, पुढ्यात गरम रस्सा ठेवला. पोराची रश्श्यात येणारी झुलपं मागे सारताना एझ्राचा हात थांबला. भुवयांच्या जरा वर, अंगठ्याएवढी जागा झिजून काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

त्यानं हळूच बोट टेकवलं. कातडी बर्फासारखी गार लागली.

सायलसनं डोळे मिटले आणि सवयीनं कपाळ पुढे केलं, समोर झुकलेल्या कपाळाला टेकवावं तसं.