मोहगोंदीचं वरून दिसणारं पाणी

तळ्याच्या तळाशी पाटाचं तोंड बुजवणारा दट्ट्या निघाला की एक आवाज व्हायचा. तो कानांना फारसा ऐकू येत नसे, तळपायांना यायचा. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, अनवाणी उभ्या असलेल्या पोरांच्या पायांखालून एक जड घुमारा जायचा, जमिनीच्या पोटात म्हैस रेकावी तसा. मग पाळीच्या अलीकडे, गावाच्या अंगाला, पाटात पाणी धावू लागायचं. थोड्या वेळाने, बुडी मारून दट्ट्या काढणारा डोमा पाणकर निथळत वर यायचा आणि विचारायचा, "पाणी पावलं का गा तुमच्या धानाच्या बांधीले?"

महादेवराव तेव्हा लहान होते. पण डोमाची एक रीत त्यांना नीट आठवत होती. कोणीतरी तोंडाने मागितल्याशिवाय तो दट्ट्याला हात लावत नसे. पाणी गावाचं, मी नुसता दार उघडणारा, असं म्हणायचा. एका पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, दट्ट्या अडकला आणि पाळ फुटायची वेळ आली. लोकांनी हाका मारल्या. डोमाने भर दुपारी बुडी घेतली. दट्ट्या निघाला, गाव वाचलं. डोमा वर आला नाही.

पुढे मोटारपंप आले. दट्ट्याची गरज राहिली नाही. तळ्यात गाळ भरत गेला. पावसाळ्यात कमरेइतकं पाणी आणि होळीला ठणठणीत कोरडं, अशी त्याची गत झाली. तरी गावच्या विहिरी त्या कमरेइतक्या पाण्यावरच जगत होत्या. आणि यंदा नागपूरच्या विक्रम नावाच्या लेआउटवाल्याने जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वारसांकडून ते तळं घेतलं, आत चुना लावलेल्या खुंट्या ठोकल्या. सरकारी चौकशी लागली. तळं असेल तर बुजवता येणार नाही, पडीक असेल तर प्लॉट पडतील, एवढाच प्रश्न होता.

शेजारचा धम्मानंद महादेवरावांना म्हणाला, "काकाजी, तुमची वेदिका आभाळातून फोटो पाह्यते म्हणते ना? तिच्याकडून आणा. फोटोपुढं कोणाचं चालत नाई."

म्हणून महादेवराव बसने नागपूरला आले. गणेशपेठेच्या स्टँडवरून ऑटो करून नातीच्या कचेरीत पोचले. वेदिकाने त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि पडद्यावर मोहगोंदी उघडली.

"हे लाल काय हाये वं? आग लागली का गावाले?"

"नाई आबाजी. लाल म्हणजे हिरवं."

"म्हणजे तुह्या हापिसात उलटं शिकवते."

वेदिका हसली. "जिवंत पान एक उजेड परत फेकते. आपल्या डोळ्याले तो दिसत नाई, उपग्रहाले दिसते. मंग आपल्याले दिसावा म्हणून त्याले लाल रंग द्यायचा. जेवढं ठसठशीत लाल, तेवढं पान तब्येतीत."

"अन् मेलेलं?"

"राखट."

"अन् पाणी?"

"पाणी तो उजेड पिऊन टाकते. ते काळं दिसते."

दर चार-पाच दिवसांनी उपग्रह गावावरून जातो, सकाळी, जवळपास त्याच वेळी, आणि त्याची चित्रं कोणालाही फुकट पाहता येतात, हे तिने सांगितलं. मग तिने त्यांचंच वावर मोठं करून दाखवलं. मागच्या हंगामातली तूर. लालभडक चौकोनात वडाच्या बाजूचा एक कोपरा फिकटला होता. महादेवराव पडद्याजवळ सरकले. तो कोपरा पुढे सुकला होता. पण चित्र त्याच्या आधीचं होतं. त्या दिवसांत महादेवराव रोज त्या तुरीतून फिरत होते आणि तेव्हा तर ती हिरवीगार दिसत होती.

त्यांनी हात जोडले.

"मशीनले काय हात जोडता आबाजी?"

"मशीनले नाई वं. तुले जोडले."

वेदिका जराशी लाजली.  बोटांनी टेबलावर उगाच काहीतरी केलं आणि म्हणाली, "तळ्यावर कधी गेले होते तुम्ही?"

"कालच. रोजच जातो."

"पाणी हाये?"

"चूळ भरायले नाई."

तिने एकामागून एक चित्रं उघडली. होळीच्या सुमाराचं तळं राखट होतं. खुंट्या ठोकल्या त्यानंतरच्या चित्रात दट्ट्यापाशी एक काळा ठिपका. पुढच्यात तो वाटीएवढा. त्यापुढच्यात परातीएवढा. शेवटच्या चित्रात या पाळीपासून त्या काठापर्यंत तळं काळंभोर भरलेलं होतं, श्रावणात भरायचं तसं.

"ढगाची सावली असन पोरी."

"ढग नव्हता."

"कोणी धसकटं जाळली असन. जळालेलंही काळंच."

"ते वेगळं ओळखता येते. मी सगळं तपासलं आबाजी. पाणीच हाये." तिचा आवाज खाली आला. "हे दिलं तर तळं वाचते. पण खाली कोरडं असून मी पाणी हाये म्हणून सांगू? अन् नाई दिलं तर गाव जाते."

"खोटं नको देऊ."

"चित्र खोटं नाई. मंग खोटं काय हाये, तेच समजून नाई राह्यलं."

तिच्या कामाची एक रीत होती. वरचं आणि खालचं जुळवायचं. उपग्रह वरून जाताना खाली त्या जागी माणूस उभं करायचं, जे दिसेल ते टिपायचं. वेदिका सुट्टी काढून आजोबांबरोबर गावी आली.

ठरलेल्या सकाळी दोघं तळ्यात उतरली. चांगलं लख्ख ऊन होतं. भुताखेतांची वेळ नव्हे ती, बाया विहिरीवर धुणं आपटत होत्या. तळ्याची माती भेगाळलेली, एकेका भेगेत पाऊल जाईल एवढी. मधोमध जाऊन दोघं एकमेकांना लागून उभी राहिली. वेदिकाने हातातल्या यंत्रावर जागा टिपली, आजूबाजूचे फोटो काढले. "आता उपग्रह वरून जाईन," म्हणाली.

धुण्याचा आवाज थांबला. बाया गेल्या असतील असं महादेवरावांना वाटलं. मग पाळीवरचे कावळेही थांबले. वास आला. शिंगाड्याच्या वेलाखालच्या चिखलाचा, थंड, गोडसर वास. असा वास त्यांनी कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

वरून शिट्ट्या ऐकू आल्या. अडई बदकांचा थवा आला, तळ्यावर एक फेरा मारला आणि एकेक करून खाली उतरू लागला. पाय पुढे करून, पंख आवरून बदकं उतरली... आणि थांबली. दोघांच्या डोक्यांच्या वर, बांबूभर उंचीवर.

महादेवराव मान वर करून पाहत राहिले. त्यांना बदकांची पोटं दिसत होती. पोटांखाली निळसर-काळे पाय सावकाश मागे-पुढे होत होते, वल्हवल्यासारखे. एका बदकाने मान खाली घातली, त्यांच्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि परत वर घेतली. वेदिकाच्या चेहऱ्यावरून, तिच्या कुडत्यावरून, भेगाळल्या मातीवरून उन्हाची एक जाळी हलत होती.

"आबाजी..." ती पुटपुटली. "श्वास घ्या..."

तेव्हा त्यांना कळलं की आपण श्वास धरून आहोत. छातीत दुखत होतं. त्यांनी भीत भीत नाक उघडलं. हवाच होती. कोरडी, गरम हवा.

भीती तर होतीच. पण एवढं भरलेलं तळं आपल्यावर उभं आहे आणि आपल्या अंगाला थेंब लागू देत नाही, या विचाराने त्यांना भरून आलं. पोरीला तर ते पहिल्यांदाच भेटत होतं. ओठ आपोआप हलले. लहानपणी बापाच्या तोंडून ऐकलेले शब्द बाहेर आले.

"डोमाजी... पाणी सोडा गा..."

ते वाट पाहत राहिले. काहीच झालं नाही. बदकं उडाली, विहिरीवर धुणं पुन्हा आपटू लागलं.

त्या सकाळचं चित्र दुसऱ्या दिवशी वेदिकाने ओसरीवर बसून लॅपटॉपवर उघडलं. तळं काळंभोर भरलेलं. आणि काळ्याच्या ऐन मधोमध एक चौकोन, लालभडक.

"आपण उभे होतो तो," ती म्हणाली.

"माणूस लाल दिसते का यात?"

"माणूस यात दिसतच नाई आबाजी. लई लहान पडते. अन् लाल म्हणजे पान. तिथं तर गवताची काडी नव्हती." ती थांबली. मग बोट दट्ट्याच्या जागेवर नेलं. तिथेही एक चौकोन होता. तसाच लाल. "तुम्हाले दिसलं होतं का कोणी... तिकडं?"

महादेवरावांनी मान वळवून तळ्याकडे पाहिलं. चहा निवला.

पुढच्या फेरीच्या चित्रात मधला चौकोन नव्हता. दट्ट्यापाशीही नव्हता. वेदिकाने बराच वेळ शोधला. लाल चौकोन पाळीच्या बाहेर सापडला. गावाच्या अंगाला, बुजलेल्या जुन्या पाटावर. त्याच्या मागे दट्ट्यापासून निघालेला काळा दोरा होता, सुतासारखा बारीक.

वेदिकाने सगळी चित्रं चौकशीच्या कचेरीत दिली. एकही लपवलं नाही. सोबत हेही लिहून दिलं की, मी स्वतः तिथे उभी होते आणि जमीन कोरडी होती.

धम्मानंद चिडला. "काहून लिहिलं वं कोरडं? हातातलं तळं घालवलं ना."

"होतं म्हणून लिहिलं काका."

"हुशार पोरीचं हेच वाईट. खरं बोलाची खोड असते."

 त्या रात्री महादेवरावांनी नातीच्या ताटात तुपाची धार जास्त धरली.

मग चौकशीच्या बाई आल्या. कामिनी मॅडम. त्यांची जीप पाळीखाली, गावाच्या बाजूला, बाभळीच्या सावलीत लागली. सकाळ चढली होती. मॅडमनी चित्रं पाहिली होती, वेदिकाचं लिहिलेलंही वाचलं होतं. पाळीवर चढून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दोन्ही कागद बाजूला ठेवले मी. आज स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहीन तेच शेवटचं."

विक्रम त्यांच्या मागे होता. खुशीत होता. भेगाळलेल्या तळ्याकडे हात करून म्हणाला, "देखिए मॅडम, लाटा येऊन राहिल्या. नाव आणू का?"

त्याची माणसं हसली. गावची माणसं खाली पाहत उभी राहिली. महादेवरावांनी वेदिकाचा हात धरला. 

मॅडम पाळीवरून आतल्या बाजूला उतरू लागल्या. तळाशी पोचायच्या आधीच, उतारावर, त्या थांबल्या. वाकून सँडल काढल्या आणि एका हातात घेतल्या. दुसऱ्या हाताने समोरचं काहीतरी बाजूला सारलं, काठावरचा वेल सारावा तसं. मग सलवार मुठीत गोळा करून उजवा पाय पुढे टाकला. सावकाश, तळ चाचपत. पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेल्यासारखा त्यांनी तो चटकन मागे घेतला.

"क्या हुआ मॅडम? काटा लागला का?" विक्रम म्हणाला.

त्यांनी ऐकलं नाही. त्या समोर पाहत होत्या. जमिनीकडे नाही, सरळ, कमरेच्या रेषेत, या काठापासून त्या काठापर्यंत. मग त्यांची नजर कशाच्या तरी मागे हळूहळू सरकत गेली. दट्ट्याकडून पाळीकडे. पाळीवरून पलीकडे, गावाकडे.

त्या वळल्या आणि वर चढल्या. महादेवराव बाजूला झाले. मॅडम त्यांच्या अगदी जवळून गेल्या. एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पाळीच्या माथ्यावर त्यांनी मुठीतली सलवार खाली सोडली.

गावाकडच्या उतारावर एक पाऊल टाकलं आणि थबकल्या. सलवार पुन्हा मुठीत गोळा केली, घोट्याच्या वर. पुढच्या पावलाला आणखी वर घेतली. उतार संपून सपाटी लागली तेव्हा ती गुडघ्यापर्यंत आलेली होती. मागून विक्रमने दोनदा हाक मारली. समोर धूळ होती, ऊन होतं, घरांच्या दारांत पोरंबाळं बसलेली होती. सँडल छातीपाशी धरून, एकेक पाय जड ओढत, कामिनी मॅडम त्या कोरड्या जमिनीवरून जीपकडे चालत गेल्या. जीपच्या पायरीवर बसून त्यांनी तळपाय पुसले आणि मगच सँडल घातल्या.