खुनी सापडू नये म्हणून

"भूत नाहीये. पंखा गेलाय," दुरुस्तीवाला म्हणाला.

मला जरा वाईटच वाटलं. मी लॅपटॉपवर खेळत होते त्या गेममधल्या जुन्या बंगल्यात डॉक्टरांचा खून झाला होता. वरच्या मजल्यावरच्या कपाटावर क्लिक केलं की आतून कुणीतरी श्वास घ्यायचं... आणि लॅपटॉप फट्‌दिशी बंद! तीनदा असं झाल्यावर माझी बोबडी वळली आणि लॅपटॉप छातीशी धरून मी आमच्या चष्म्याच्या दुकानासमोरच्या त्याच्या दुकानात शिरले होते.

"कपाटात काय होतं?" त्याने स्क्रू काढता काढता विचारलं.

"तेच तर कळलं नाही."

त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत माझ्याइतकीच उत्सुकता होती – आणि तिथेच माझी विकेट पडली.

नवा पंखा बाहेरून यायचा होता. तोवर त्याने लॅपटॉपशेजारी एक खडखडणारा टेबलफॅन लावला आणि म्हणाला, किती तापतोय ते कळायला रोज चालवून बघावा लागेल. मग काय, काम आटोपलं की मी तिथे हजर. कपाटाला कुलूप होतं, म्हणून आम्ही बंगलाभर किल्ली शोधत फिरलो. माउस माझ्या हातात, शंका त्याच्या. त्याचा संशय बागेतल्या माळीबुवांवर, माझा डॉक्टरांच्या पुतण्यावर. बंगल्यातल्या आरशात मधूनच एक पांढरी बाई दिसायची; ती दिसली की मी डोळे मिटून त्याची बाही धरायचे. ती गेली की तो सांगायचा... पण जरा उशिराच.

वहिनी म्हणाली, लॅपटॉप दुरुस्त होतोय खरा, पण आमची मुलगी बिघडतेय. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मला मात्र वेगळीच काळजी खात होती. खुनी सापडला की गेम संपणार. आणि गेम संपला, की मी त्या स्टुलावर कुठल्या तोंडाने येऊन बसू?

त्या संध्याकाळी आम्ही बंगल्याच्या स्वयंपाकघरात होतो. मी फळ्या, बरण्या, खिडकी असा माउस फिरवत होते आणि एकदम जाणवलं, इथे फारच शांत आहे. टेबलफॅन बंद होता. तरी लॅपटॉप माझ्या तळहाताला गार लागत होता.

"नवा पंखा कधी बसवलात?"

तो पेचकस उगाच ओळीने लावायला लागला.

"मागच्या आठवड्यात," शेवटी म्हणाला. "आज टेबलफॅन लावायचा राहिला..."

"आणि मला रोज सांगत होतात, अजून आला नाही?"

"आला म्हटलं असतं, तर तुम्ही लॅपटॉप घेऊन गेल्या असतात."

मी त्याची चांगली झाडाझडती घेणार होते. पण त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"आता माझी पाळी. पुराव्यावर माउस गेला की या गेममध्ये बाणाचं भिंग होतं, हो ना?"

"हो..."

"चुलीतल्या राखेवर सोमवारपासून भिंग होतंय. तुम्ही दर वेळी तिथून माउस पळवता."

माझे कान तापले. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी मी, हा माणूस इतकं बारीक बघतोय हे मला कळलंच नव्हतं.

"मला गेम संपवायचा नव्हता," मी म्हणाले. "म्हणजे... गेमचं काही नाही. मला इथे यायचं होतं. तू आवडतोस मला."

त्याने स्टूल जवळ ओढलं, माउसवरच्या माझ्या हातावर हात ठेवला, आणि आम्ही दोघांनी राखेवर क्लिक केलं. किल्ली निघाली. जिना चढून आम्ही कपाट उघडलं.

आत ती पांढरी बाई अंग चोरून बसली होती. भूत नव्हतीच ती. डॉक्टरांची नर्स होती, खून डोळ्यांनी पाहिलेली, जिवाच्या भीतीने लपलेली. तिने पुतण्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "किती उशीर केलात."

"बिचारीला आठवडाभर कोंडून ठेवलंस," तो हळूच म्हणाला. हात मात्र त्याने काढला नव्हता.

"एकटीने नाही," मी म्हटलं.