ऋताच्या हाताखालची कातडी

मरोळच्या एका औद्योगिक इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. खालच्या गाळ्यात पत्र्याची झाकणं ठोकणारे प्रेस दिवसभर चालायचे आणि आमच्या फरशा थरथरायच्या. त्यामुळे आमचा प्रिंटर फक्त त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत, एक ते पावणेदोन, चालवता यायचा. तेवढ्या वेळात मी आणि ऋता माणसाची कातडी छापायचो. जेलमध्ये जिवंत पेशी मिसळायच्या, थरावर थर द्यायचे, आणि टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा बशीत घालून सदतीस अंशांच्या उबदार कपाटात ठेवायचा.

छापणं सोपं होतं. जगवणं कठीण. आत रक्तवाहिन्या वाढल्या नाहीत तर आठवड्याभरात तुकडा करडा पडून मरतो.

पेशी माझ्या होत्या. रीतसर सही करून मीच दिल्या होत्या. दंडावरून मसुरीच्या डाळीएवढी कातडी. दोघींच्या पेशी त्याच, प्रिंटर तोच, कपाट तेच. माझे तुकडे सहाव्या दिवशी मरायचे. ऋताच्या तुकड्यांत मात्र मेथीच्या जुडीची मुळं असतात तशा बारीक वाहिन्या पसरल्या, आणि तीन आठवडे झाले तरी वाढतच होत्या.

"ऋताच्या हाताला गुण आहे," आमचे प्रमुख केयूर सर मीटिंगमध्ये म्हणाले. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी टाळ्या वाजवल्या. मुलुंडला घरी पोहोचेपर्यंत माझा जबडा दुखत होता.

"तू वेगळं काय करतेस?" मी तिला एकदा विचारलंच.

"काहीच नाही गं अनुपमा. तू शिकवलंस तेच."

ते खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

एका शनिवारी मी लेबलं बदलली. तिच्या बशा माझ्या फळीवर, माझ्या तिच्या. बुधवारपर्यंत माझ्याकडच्या वाहिन्या आक्रसून गेल्या होत्या. तिच्या फळीवरच्या मरणाऱ्या तुकड्यांत नव्या फुटल्या होत्या. मी हातमोजे बदलले, द्रव बदलला, वेळा बदलल्या. फरक पडला नाही.

मग लाली दिसली. सकाळी तिच्या फळीवरचे तुकडे गुलाबी व्हायचे, लाजल्यासारखे. आम्ही त्यांत रक्त घातलेलंच नव्हतं. लाल व्हायला आत काही नव्हतं.

कपाटात कॅमेरा होता. दर मिनिटाला एक फोटो. मी पंधरा दिवसांचे फोटो काढून बसले आणि शेजारी दाराच्या कार्डाची नोंद उघडली. लाली साधारण नऊ अडतीसला यायची. ऋताचं कार्ड नऊ चाळीसला लागायचं. एका गुरुवारी ती सव्वाअकराला आली होती. त्या दिवशी लाली अकरा तेराला.

ती इमारतीच्या जिन्यात असतानाच त्यांना कळत होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? माझी कातडी तिच्यासाठी लाजते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी एकटीच पोहोचले आणि जंतुनाशकाची बाटली घेऊन एकेका बशीत ओतत गेले. तुकडे पांढरे झाले. कपाटात गारठा कोंडल्यासारखं वाटलं, पण तापमापकाच्या काट्यावर सदतीसच होतं.

ऋता आली. तिनं कपाट उघडून बशा पाहिल्या. कोणी केलं, हे तिनं विचारलं नाही. माझ्याजवळ आली आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

"तुला दुखलं नाही ना गं?"

"मला कशाला दुखेल?"

तिनं हात काढला. माझ्या दंडावर चार बोटं आणि अंगठा लाल उमटले होते. संध्याकाळपर्यंत गेले नाहीत.

महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. पवईला दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली. तिचं टेबल मला मिळालं.

तेव्हापासून मला थंडी वाजायला लागली. मे महिन्यात मी पंखा बंद करून बसायची. ओठ पांढरे, बोटं पांढरी. आमच्या डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं. "सगळं झकास आहे हो," म्हणाले. पण सुई टोचताना त्यांना शीर पटकन सापडली नव्हती.

एका दुपारी चारला मी रिक्षा करून पवईला गेले. तिची एक वही परत द्यायची, असं निमित्त केलं होतं. तिच्या प्रयोगशाळेच्या तळ्याकडच्या गेटबाहेर उभी होते. अचानक कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मग गाल. मग हात, थेट बोटांच्या टोकांपर्यंत. कितीतरी दिवसांनी.

दोन मिनिटांनी ऋता बाहेर आली.

तिच्यासोबत एक मुलगी होती. चोवीस-पंचवीसची, गालांवर रंग चढलेला. दंडाला पट्टी.

"ही प्रांजल," ऋता म्हणाली. "इथे आता हिच्या पेशी वापरतोय. काय सांगू तुला, इतक्या सुंदर वाहिन्या येतात!"

मी वही पिशवीतच ठेवली.

प्रांजल माझ्याकडे बघत होती. हसली नाही. ऋताच्या आणखी जवळ सरकली.

"ऋता, चल ना, चहा घेऊ," मी म्हटलं. "दोघीच."

"अगं, पण ही..."

मी ऋताचा हात धरला.

प्रांजलचा चेहरा पांढरा पडत गेला. आधी ओठ, मग गाल, मग कपाळ. तिनं गेटचा गज धरला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "सोडा ना."

ऊन कडक होतं. तिचे दात थडथड वाजत होते.

मी हात सोडला नाही.