हसणारं कासव

"सरका! नाकं मागे घ्या! भट्टी आहे ती, खिडकी नाही!"

कुंभारमावशीनं भट्टीच्या दाराची कडी धरली, तशी चोवीस पोरं एकदम पुढे सरकली. सुट्टीतल्या शिबिराचा आज शेवटचा दिवस. प्रत्येकानं आपल्या हातानं मातीची एक वस्तू केली होती, शेडमागच्या खोलीत आठवडाभर वाळवली होती, आणि मावशीनं त्या सगळ्या काल भट्टीत लावल्या होत्या. चार वाजता आईबाबा प्रदर्शन बघायला येणार होते.

"माझा मग सगळ्यात वरच्या फळीवर आहे!" भोंगा ओरडली. ती कुजबुजली तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून तिचं नाव भोंगा.

"मग आहे का तो? मला तर बूट वाटला," लांबू म्हणाला. हा पाचवीतच दाराच्या चौकटीला डोकं टेकवायच्या बेतात होता.

"बूट तर बूट! तुझ्या ताटलीतून भात गळेल, त्याचं काय?"

एरवी या भांडणात तेल ओतायला खटपट सगळ्यात पुढे असायची. आज मात्र ती पिटुकलीचा हात धरून मागे उभी होती. पिटुकली म्हणजे तिची चुलत बहीण, पहिलीतली, दोन दात पडलेली.

"ताई, माझं कासव भाजलं असेल ना गं?"

"असेल की," खटपट म्हणाली. तिनं पिटुकलीकडे बघायचं टाळलं. 

दार उघडलं, आणि खळ्ळकन तुकड्यांचा ढीग मावशीच्या पायाशी ओतला गेला.

पोरं दोन पावलं मागे सरली. भोंगासुद्धा! मधल्या फळीचा पार चुरा झाला होता. तिथले तुकडे उडून वरच्या-खालच्या फळ्यांवरही आदळले होते. चोवीस वस्तूंपैकी धड राहिल्या सात. आधी कुणीतरी नाक ओढलं, मग दुसऱ्यानं, आणि मग शेडमध्ये रडण्याची साथच आली.

"हॅलो, हो हो, अगदी झकास चाललंय! पोरं नुसती खूश—" असं म्हणत शिबिराचे सर आत आले आणि तिथंच थिजले. सरांचा फोन कानाला इतका चिकटलेला असायचा की पोरं त्यांना हॅलोसरच म्हणायची. "ठेवतो, ठेवतो! मावशी! हे काय हो?"

"काहीतरी ओलं गेलंय आत," मावशी हळूच म्हणाली. "ओली माती तापली की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वस्तू फुटते. शेजारच्यांनाही घेऊन जाते."

"मग तपासलं नव्हतंत?"

"परवा संध्याकाळी एकूण एक गालाला लावून बघितली. गार लागली तर ओली. एकही गार नव्हती."

"गालाला?" हॅलोसरांनी कपाळावर हात मारला. "पालकांना काय सांगू, गालानं घोटाळा केला म्हणून? बस झालं! पुढच्या वर्षापासून शिबिर इथे नाही. पोरांना प्लॅस्टिकचे तयार ठोकळे देऊ. जोडा आणि घरी न्या!"

अकरा वर्षं शाळेची पोरं या शेडमध्ये येत होती. मावशीनं हात ॲप्रनला पुसले. ते स्वच्छच होते, तरी पुसत राहिली.

"हा घातपात आहे!" हॅलोसर बाहेर गेल्या गेल्या भोंगा म्हणाली. "खटपट, शोध लाव! मागच्या वर्षी शाळेची हरवलेली घंटा तूच शोधलीस!"

"तिनंच लपवली होती ती," लांबू म्हणाला.

"म्हणून काय झालं? सापडली ना!"

सगळे खटपटकडे बघायला लागले. आता नाही कसं म्हणायचं? म्हणजे शोध सुरू झाला.

मावशीची एक पद्धत होती. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, कुणाच्या शेजारी, याचं चित्र ती भट्टी लावतानाच वहीत काढायची. लांबूनं ती वही मागून आणली आणि मधली फळी खडूनं जमिनीवर आखली. मग पोरं तुकडे ओळखून आपापल्या जागी मांडू लागली. ताटलीचे इथे, फुलदाणीचे तिथे, मगाचा कान—

"तो कान नाही, ते हत्तीचं शेपूट आहे!"

"हत्ती होता तो? अरे देवा!"

रडणारी पोरं हसायला लागली. आणि मग लांबू उठून उभा राहिला. उंचावरून त्याला जे दिसलं, ते बाकीच्यांना दिसलं नव्हतं.

"हे बघा! डावीकडच्या वस्तू उजव्या बाजूनं फुटल्यात. उजवीकडच्या डाव्या बाजूनं. म्हणजे मधे बसून कुणीतरी चौफेर लाथा मारल्यात!"

मधे कोण होतं? भोंगानं वहीवर बोट ठेवलं. "कासव. पिटुकली."

कासवाचे तुकडे नखाएवढेच उरले होते. फक्त डोकं तेवढं अख्खं होतं. भोंगानं ते उचललं. "अय्या, हसतंय बघ! हा एवढा जबडा!"

"माझं कासव हसत नव्हतं," पिटुकली म्हणाली.

"काय?"

"मला तोंड करायला जमलंच नव्हतं. ताई म्हणाली होती, मी करून देते. मग ती विसरली."

खटपटच्या पायाखालची जमीन सरकली.

ती विसरली नव्हती. परवा संध्याकाळी मावशी सगळं तपासून माती आणायला गाडी घेऊन गेली. जाताना तिनं हॅलोसरांना बजावलं, "आता खोलीला कुलूप लावा. भट्टी लावेपर्यंत आत कुणी जायचं नाही." हॅलोसर फोनवर होते. त्यांनी समोर दिसली तिच्या हातात किल्ली कोंबली, आणि 'जा, लावून ये' अशी खूण केली. समोर होती खटपट.

आणि खटपटनं कुलूप लावलं का? लावलं की! पण आधी एक फळी, वस्तूंसकट, डोक्यावर तोलून खोलीला फेरी मारली. सर्कससारखी! दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला कासव घसरलं आणि फटकन फुटलं.

कुणी बघितलं नव्हतं. मग तिनं बादलीतली ओली माती घेतली आणि दहा मिनिटांत नवीन कासव केलं. कबूल केलेलं तोंडही केलं, आणि जरा जास्तच हसरं केलं. ओली माती गडद दिसते. म्हणून तिनं वाळलेल्या मातीची पूड करून त्याच्या अंगावर चोळली. कासव कसं फिकट, कोरडं दिसायला लागलं! आपल्या हुशारीवर ती तेव्हा किती खूश झाली होती! दुसऱ्या दिवशी मावशीनं कुलपावर विश्वास ठेवला आणि पुन्हा गालाला न लावताच भट्टी भरली.

"कुणीतरी कासव बदललं!" लांबू ओरडला. "तपासल्यानंतर! पण खोलीला तर कुलूप होतं."

"किल्ली हॅलोसरांकडे होती!" भोंगाचे डोळे चमकले. "हॅलोसरांनीच केलं! हो ना गं, खटपट?"

सगळे तिच्याकडे बघत होते. आता सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"असेल," ती म्हणाली.

एकच शब्द. पण तो बोलल्याबरोबर तिला आतून असं वाटलं, की कासव फोडलं ते परवडलं.

पोरांची वरात हॅलोसरांकडे गेली. त्यांनी रुबाबात रजिस्टर उघडलं. "वाचा! 'स्वतः तपासून कुलूप लावले.' खाली सही. आत माशीसुद्धा गेलेली नाही. म्हणजे ओली वस्तू आधीपासूनच होती. चूक मावशींची. विषय संपला!"

दारात मावशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"असेलही," ती म्हणाली, आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "गाल म्हातारा झाला असेल माझा. आता कळत नसेल त्याला."

खटपट तिथून पळाली आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. 'असेल.' मावशीनंही तोच शब्द वापरला होता. मावशी स्वतःवर घेत होती. खटपट मात्र दुसऱ्यावर ढकलत होती. बराच वेळ ती नळ चालू-बंद करत राहिली. मग तोंड धुतलं आणि उठली.

चार वाजले. आईबाबा, आजीआजोबा, शाळेच्या मोठ्या बाई, सगळे शेडमध्ये जमले. टेबलावर सात वस्तू आणि एक तुकड्यांचा ढीग. हॅलोसरांनी घसा साफ केला. "पालकहो, सांगायला वाईट वाटतं, पण मावशींच्या निष्काळजीपणामुळे—"

"सर, एक प्रश्न!" खटपट पुढे आली. तिच्या आईनं दुरूनच डोळे वटारले. "कुलूप तुम्हीच लावलंत ना?"

"मग काय माझ्या भुतानं?"

"घट्ट लागलं होतं ना, सर? किल्ली किती वेळा फिरवलीत?"

"दोनदा!" हॅलोसर ठणकावून म्हणाले. "मी कधीच एकदा फिरवून सोडत नाही. दोनदा फिरवली, वर ओढूनही बघितलं!"

मावशीनं मान वर केली. "अहो, त्या कुलपाला लावताना किल्ली लागतच नाही. दाबलं की बसतं. किल्ली फक्त उघडायला."

शेडमध्ये खसखस पिकली. भोंगाचं हसू तर रस्त्यापर्यंत गेलं. "पकडलं! हॅलोसर पकडले!"

मोठ्या बाईंनी चष्मा खाली केला. "मग कुलूप लावलं कुणी?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. खटपटनं ती मुद्दामच ठेवली नव्हती.

"मी," ती म्हणाली. "सरांनी किल्ली माझ्याकडे दिली. आणि मी आत खेळले. पिटुकलीचं कासव फोडलं, आणि ओल्या मातीचं दुसरं करून ठेवलं. वाळलेलं दिसावं म्हणून पूड चोळली. सतरा जणांच्या वस्तू माझ्यामुळे फुटल्या. मावशींची काही चूक नाही. त्यांचा गाल एकदम बरोबर आहे."

आईचा चेहरा बघायची तिची हिंमत झाली नाही. भोंगाचा मात्र दिसला. हसू अर्ध्यातच थांबलेला.

"तू तर म्हणालीस, असेल," भोंगा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात.

"खोटं म्हणाले."

तेवढ्यात फ्रॉकला कुणीतरी ओढलं. पिटुकली. तिचे डोळे भरले होते. "ताई, मला का नाही सांगितलंस? मी दुसरं केलं असतं. खूप माती होती."

हॅलोसर ओरडले असते तर बरं झालं असतं. आई रागावली असती तरी चाललं असतं. 

हॅलोसरांचा फोन वाजला. त्यांनी तो बघितला, बंद केला आणि चक्क खिशात ठेवला! "सही माझी होती," ते खाली बघत म्हणाले. "न बघता केलेली. मावशी, मला माफ करा. शिबिर इथेच होईल."

"असं नाही होणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी कुलूप तुम्ही लावाल. फोनशिवाय!" मग त्या खटपटकडे वळल्या. "आणि ही मुलगी! अख्ख्या शेडसमोर स्वतःचं नाव घेतलं हिनं. मोठ्यांना जमत नाही ते."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. लांबूनं पाठीवर थाप मारली. खटपटला कुठं लपू आणि कुठं नको असं झालं. शिव्या परवडल्या, पण या टाळ्या नकोत!

मावशीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं मातीचा मोठा गोळा टेबलावर आपटला. "चला, सतरा जण बाह्या सरसावा! पुन्हा करायच्या वस्तू. सर, ॲप्रन घाला, तुम्ही माती मळायची. खटपट, तू इकडे ये. भट्टी लावायच्या आधी सगळ्या वस्तू तू तपासायच्यास. माझ्याबरोबर, एकेक."

"मी?" खटपटला खरंच वाटेना. "माझ्यावर सोडताय?"

"तुझ्यावर नाही, तुझ्या गालावर. शिकून घे." मावशीनं मांडणीवरचा तिचा स्वतःचा एक कच्चा वाडगा उचलून तिच्या हातात दिला. "लाव. ओला की वाळलेला?"

खटपटनं वाडगा गालाला लावला. डोळे मिटले. 

"काय लागतंय?"

"काहीच कळत नाही, मावशी. माझा गालच तापलाय."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. आज पहिल्यांदाच तिच्या ओठांवर हसू आलं.

"तापू दे," ती म्हणाली. "घाई नाही. निवला की सांग."