करीची पहिली फासळी

पटलं तर वाचा, नाही तर पुढे चला. पण हे माझ्याच अंगणात घडलंय आणि खोटं सांगून मला काही मिळणार नाही.

गेल्या वर्षीची कर. म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीजवळ. आम्ही भाजीपाला पिकवतो. घरात मी दामिनी, नवरा भारत आणि सासरे माणिकराव, म्हणजे माझे मामाजी.

सासूबाई, शकुबाई, त्याच उन्हाळ्यात गेल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

करीला आमच्याकडे बकऱ्याचं मटण असतंच. त्यातल्या फासळ्या वेगळ्या काढून अंगणात निखाऱ्यांवर भाजतात. जाळी म्हणजे जुन्या टेबलफॅनची. भाजायच्या बायकांनी, खायच्या पुरुषांनी. बायकांना रस्सा. सासूबाईंनी जन्मभर धूर खाल्ला, फासळी कधीच नाही. विचारलं की हसायच्या.

"वासानंच पोट भरते माह्यं."

त्या संध्याकाळी मामाजींनी सासूबाईंच्या नावानं भिंतीजवळ पान वाढलं. भात आणि वर रस्सा. मी म्हटलं, एक फासळी ठेवा.

"तिनं कदी खाल्ली नाई, आता काऊन?"

कावळा आला. पान पाहिलं. न शिवता उडून गेला.

दिवेलागण झाली. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. चरबी निखाऱ्यांवर गळत होती, चर्र वाजत होती. धुरानं डोळे झोंबत होते.

पण वास...

वासच नव्हता.

मी नाक पार जाळीजवळ नेलं. ना मटणाचा, ना लसणाचा, ना धुराचा. भारतला बोलावलं. त्यालाही काही येईना.

तेवढ्यात मागून आवाज आला.

फू... फू...

मागे भिंतीवर फुंकणी टांगलेली होती. सासूबाई गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. ती खिळ्यालाच होती. माझा पुठ्ठा खाली पडलेला. तरी प्रत्येक फुंकरीला निखारे लाल होत होते.

मध्येच आवाज थांबायचा... दम लागल्यासारखा. मग पुन्हा सुरू.

सासूबाई अशाच थांबायच्या.

मामाजी ओट्यावरून उठले. सगळं मटण नाल्यात टाक, म्हणाले. दार लावून आत बसू, उद्या भगत आणू. भारत तर आधीच उंबऱ्याच्या आत गेला होता.

मी घाबरले नव्हते असं नाही. पण राग भीतीपेक्षा मोठा होता.

"मामाजी, चुलीपाशी त्याच असतील, तर उपाशी काऊन राह्यतील? मी वाढून राह्यली."

"हात लावू नको. सांगून ठेवतो."

मी लावला. जाळीवरची पहिली फासळी उचलली आणि पानावर ठेवली.

"आत्याबाई, आज वास नाई. फासळीच खा."

फुंकणी थांबली.

आणि एकदम वास सुटला. सगळ्या अंगणात पसरला.

तेव्हा मामाजींना धीर आला. धीराबरोबर जुना ताठाही आला. म्हणाले, झालं ना तुझं, आता आम्हाला वाढ. मी दोघांना वाढलं. मग स्वतःचं ताट घेतलं, त्यात फासळ्या घेतल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या घरात हे पहिल्यांदाच होत होतं. मामाजींनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि ताटात हात घातला.

हात तसाच राहिला.

ताटात हाडं होती. नुसती हाडं... चाटून, चोखून, पांढरी केलेली.

भारतच्या ताटातही तेच.

मी आत्ताच वाढलं होतं. कुणीही घासभरसुद्धा खाल्लं नव्हतं. मी भिंतीकडे पाहिलं. पानावरची फासळीही साफ झालेली होती, भात मात्र तसाच होता.

माझं ताट भरलेलं होतं. वाफ निघत होती.

मी खाल्लं. दोघांच्या समोर बसून सगळं खाल्लं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते भीतीचं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

भगत येऊन अंगारा देऊन गेला. मामाजी म्हणतात, घर सोडू, मंचेरियलला खोली करू. मी नाही जाणार. यंदाच्या करीलाही मीच भाजणार. पहिली आत्याबाईंना, दुसरी मला.

फक्त कधी कधी दिवेलागणीला, चूल थंड असताना, ती फू... ऐकू येते. मग एकच विचार मनातून जात नाही. जन्मभराची भूक. ती दोन ताटांत भागली असेल का?

तिसरं ताट माझं आहे.